रोलप्लेइंग खेळांतलं खोटं बोलणं आणि पटवणं: नजर ऐकणाऱ्यावर ठेवा

वीसबाजू

पुण्यात डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, ज्यात प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो आणि अवघड गोष्टींचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर लागतो) किंवा तत्सम खेळ चालवणाऱ्या कुणाशीही बोला, एक तक्रार हमखास निघते. लढाई रंगते, पण पहारेकऱ्याला थाप मारून आत शिरायचं, सावकाराकडून मुदत वाढवून घ्यायची, राणीला तहासाठी राजी करायचं, असा प्रसंग आला की खेळ ढेपाळतो. एक तर खेळाडू म्हणतो, "मी त्याला पटवतो, टाकू फासा?" आणि वीस पडले की पहारेकरी वेशीच्या चाव्या काढून देतो. नाहीतर गटातला जो मुळातच बोलका असतो तो पाच मिनिटं फर्डं भाषण ठोकतो आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, भारावून "बरं, मानलं" म्हणून मोकळा होतो, मग त्याच्या पात्राचा कॅरिझ्मा, म्हणजे माणसं जिंकायच्या ताकदीचा आकडा, जेमतेम आठ का असेना.

दोन्हींत दोष एकच आहे, असं माझं ठाम मत आहे. दोन्हीकडे सगळ्यांचं लक्ष बोलणाऱ्यावर असतं. खोटं खपणार की नाही, हे मात्र ठरतं ऐकणाऱ्याच्या मनात. त्याला काय हवंय, कशाची धास्ती आहे आणि तो आधीपासून काय खरं धरून बसलाय, या तीन गोष्टी डीएमला ठाऊक असतील तर फासा कधी टाकायचा आणि कधी नाही, हे आपोआप कळतं.

लाल महालाचंच घ्या. एप्रिल १६६३ मध्ये शिवाजी महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला. वरातीच्या मिषाने माणसं शहरात शिरली ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आपण मोगली फौजेतलेच शिपाई आहोत, नेमून दिलेल्या चौकीवर चाललो आहोत, असं पहाऱ्याला सांगितल्याचाही वृत्तांत आहे. कुठलाही वृत्तांत घ्या आणि चौकीवरच्या त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. मोगलांच्या चाकरीत मराठे सरदार आणि त्यांचे शिपाई होतेच, त्यामुळे रात्री मराठी बोलणारी टोळी दिसली म्हणून त्याला वावगं वाटायचं कारण नाही. रमजानचा महिना, दिवसभराचा उपास सोडून छावणी सुस्तावलेली. एवढ्या मोठ्या तळावर प्रत्येकाला अडवून चौकशी करत बसणं त्याला नकोच असणार. जे उत्तर मिळालं, ते त्याला हवंच होतं.

ही थाप माझ्या टेबलावर कुणी मारली तर मी डीसी, म्हणजे यशासाठी फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा, १० ठेवीन. तीच माणसं तेच वाक्य जनानखान्याच्या दाराशी बोलली तर फासाच टाकू देणार नाही. वाक्य तेच, बोलणारा तोच, बदलला तो ऐकणारा.

आता नियमांकडे. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीत डिसेप्शन (फसवणं), पर्सुएजन (पटवणं) आणि इंटिमिडेशन (धमकावणं) ही तिन्ही कौशल्यं कॅरिझ्मावर चालतात आणि समोरच्याचा हेतू ओळखायचं इनसाइट हे कौशल्य विज्डमवर (शहाणपणाच्या आकड्यावर). डीसीचा तक्ता ५ पासून ३० पर्यंत जातो. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत डिप्लोमसी या कौशल्याचे आकडे समोरच्याच्या वृत्तीप्रमाणे ठरलेले होते, पण तो कोण, त्याच्यापाशी काय मागितलं, याला त्या तक्त्यात फारशी जागा नव्हती. बोनस रचत गेलं की मिनिटभरात जानी दुश्मन मदतीला तयार व्हायचा, आणि असं पात्र मुद्दाम बांधणारे खेळाडू जगभर होते. २०२४ च्या सुधारित नियमांत ही गाठ बरीच सुटली आहे. आधी ठरवायचं की समोरचा राजी आहे, नाराज आहे की दुविधेत. राजी असेल तर फासा नको. तुमची मागणी त्याच्या स्वभावाच्या किंवा निष्ठेच्या विरुद्ध असेल तरीही नको, कारण तो ऐकणारच नाही. दुविधेत असेल तरच फासा. डीसी १५ किंवा त्याच्या इंटेलिजन्सचा (बुद्धीचा) आकडा, यांतलं जे जास्त ते. फासा फसला तर तोच डाव पुन्हा टाकायला साधारणपणे २४ तास थांबायचं. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण पहिला प्रश्न "तू किती चांगलं बोलतोस?" हा राहिला नाही, "समोरचा कुठे उभा आहे?" हा झाला.

तीन कौशल्यांमधला फरकही मी ऐकणाऱ्याच्याच बाजूने करतो. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, निघून गेल्यावर त्या माणसाचं काय होतं? पटवलेला माणूस दुसऱ्या दिवशीही तुमच्या बाजूने बोलेल. धमकावलेला माणूस तुम्ही नजरेआड होईपर्यंत ऐकेल आणि मग कोतवालाकडे धाव घेईल. फसवलेला माणूस खरं कळेपर्यंत तुमचा, आणि कळल्यावर तुमच्याविरुद्ध पेटून उठणारा. हे खेळाडूंना आधीच मोकळेपणाने सांगितलं तर ते कौशल्य निवडताना नुसता मोठा बोनस बघत नाहीत. आमच्या गटात धान्याच्या आडत्याला दरडावून गाडी मिळवायची की खरी अडचण सांगून, यावर पार्टीत इतका वाद झाला की आडत्या बाजूलाच राहिला. तो वाद त्या रात्रीचा सगळ्यात जिवंत भाग होता.

राहिला प्रश्न खेळाडूंनी एकमेकांना फसवण्याचा. माझ्या टेबलावर एका खेळाडूचा फासा दुसऱ्याच्या पात्राचं मत बदलू शकत नाही. अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या खेळात यावर देखणा तोडगा आहे. दुसऱ्याच्या पात्राला गळ घालताना फासा चांगला पडला तर समोरच्या खेळाडूला ते ऐकण्यासाठी अनुभवाचा गुण देऊ केला जातो, किंवा नकार दिला तर जोखीम पत्करावी लागते. निर्णय मात्र त्याचाच. बर्निंग व्हील या खेळातला शब्दांच्या द्वंद्वयुद्धाचा नियमही अभ्यासण्यासारखा आहे. वाद सुरू होण्याआधी दोघं काय पणाला लावतोय ते सांगतात, प्रत्येकी तीन-तीन चाली गुपचूप लिहून ठेवतात, आणि जिंकणाराही घायाळ झाला असेल तर त्याला तडजोड द्यावी लागते. हरणाऱ्याला आपण कशाला होकार दिला होता हे पहिल्यापासून माहीत असतं, म्हणून कटुता उरत नाही.

तुमच्याकडे हे कसं चालतं? लार्पवाल्यांचं, म्हणजे टेबलाऐवजी प्रत्यक्ष वावरून भूमिका खेळणाऱ्यांचं, मत विशेष हवं आहे.

---

अबोली_रंग

लेख मनापासून आवडला. मी एका गोष्टीवर अडते. आमच्या गटात एक मुलगी आहे, बोलताना अडखळते, चार लोकांसमोर तोंड उघडायला तिला कष्ट पडतात. तिने हौसेने बार्ड (गाण्या-बोलण्यावर चालणारं पात्र) घेतलाय. "काय बोलतेस ते बोलून दाखव" असं म्हटलं की ती मिटून जाते. फक्त फाशावर सोडलं तर बाकीचे कुरकुरतात की आम्हाला बोलायला लावता आणि तिला सूट. काय करावं?

---

वीसबाजू

अबोली, तिच्याकडून भाषण मागूच नका. तिला दोनच गोष्टी विचारा: समोरच्याकडून काय हवंय आणि त्याची कोणती नस धरतेस? "त्याचा भाऊ सैन्यात आहे ना, लढाई टळली तर तो घरी येईल, हे मी त्याच्या लक्षात आणून देते." एवढं तिने साध्या वाक्यात सांगितलं की काम झालं. नस बरोबर असेल तर डीसी उतरवा किंवा ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरणं) द्या. शब्दांची फेक, आवाज, डोळ्यांतला भाव हे तिच्या पात्राचं काम, आणि ते पात्राचा कॅरिझ्मा आणि फासा सांभाळतात. तलवार चालवणाऱ्या खेळाडूला आपण उठून पट्टा फिरवून दाखवायला सांगत नाही.

आणि हाच नियम सगळ्यांना लावा. बोलक्या खेळाडूचं भाषण ऐकून झालं की त्यालाही विचारा, "नस कोणती धरलीस?" खूपदा असं दिसतं की भाषण झकास होतं आणि त्यात समोरच्या माणसासाठी काहीच नव्हतं. मग कुरकुर थांबते.

---

विंगेतून

मी नाटकवाली. कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी केल्या, आता लार्प लिहिते आणि खेळते. माझं म्हणणं जरा लांबेल.

टेबलावर डीएम नावाचा पंच असतो. लार्पमध्ये समोर उभा असतो तो तुमच्यासारखाच एक खेळाडू, आणि फसायचं की नाही हे तोच ठरवतो. व्हॅम्पायर: द मास्करेडची लार्प आवृत्ती १९९३ मध्ये आली, तिच्यात अलौकिक शक्तींचे झगडे दगड-कागद-कात्रीने सुटायचे. पण साधी थाप तिथेही तोंडानेच मारावी लागते. म्हणून लार्पमध्ये मोठा कलावंत कोण म्हणाल तर फसवणारा नव्हे, फसणारा. समोरच्याने आणलेला खोटा खलिता त्याला लगेच ओळखू येतो, तरी तो आपल्या पात्राच्या डोळ्यांनी वाचतो, त्यावर विश्वास ठेवायला कारण शोधतो आणि पुढचे दोन तास त्या विश्वासाची किंमत मोजत राहतो. रंगमंचावर आम्ही हेच करतो. पडद्याआड कोण लपलंय हे नटाला माहीत असतं, पात्राला नसतं, आणि प्रेक्षक त्या दोघांमधल्या अंतरावर जीव टाकतात.

नॉर्डिक देशांतल्या लार्पवाल्यांनी यावर बरंच चिंतन केलंय. त्यांचा क्नूटेपुंक्त हा मेळावा १९९७ मध्ये नॉर्वेत सुरू झाला. त्यांच्यात एक मोठा विचारप्रवाह असा की गुपितं खेळाडूंपासून लपवायचीच नाहीत. सगळ्यांना सगळं आधी सांगायचं, अज्ञान फक्त पात्रांचं. मला हे आधी पचत नव्हतं, कारण गुपित फुटलं तर उरलं काय? पण खेळून पाहिल्यावर कळलं की लपवलेलं गुपित बहुतेक वेळा कुणाला कळतच नाही आणि कुणाच्याही उपयोगी न पडता खेळ संपतो. माहीत असलेल्या गुपिताच्या आजूबाजूला मात्र सगळे मिळून प्रसंग रचतात. "तुमचा मुलगा कुठे आहे?" हा प्रश्न नेमका कोणाला आणि नेमका कधी विचारायचा, हे ठाऊक असल्याशिवाय सुचणार कसं?

---

चौथा_डाव

विंगेतून यांच्याशी असहमत. गुपित आधी सांगितलं की पोटात गोळा येणं संपलं. आमच्या मोहिमेत माझं पात्र पहिल्या सेशनपासून शत्रूच्या बाजूचं होतं. फक्त डीएमला माहीत होतं. शेवटी दार उघडून मी शत्रूला आत घेतलं तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली ती मला दुसऱ्या कुठल्याही खेळात मिळालेली नाही. दगाफटका हा खेळांचा जुना धर्म आहे. १९५९ मधल्या डिप्लोमसी या पटावरच्या खेळात सात सत्ता एकमेकांना वचनं देतात आणि मोडतात. माफिया हा खेळ १९८६ मध्ये मॉस्कोच्या विद्यापीठात दिमित्री दाविदोव यांनी रचला, त्यात तर खोटं बोलणं हेच सगळं. पॅरानोइया हा रोलप्लेइंग खेळ १९८४ पासून एकमेकांवर संशय घेत खेळला जातोय. तिथे कोणी रडत नाही.

---

वीसबाजू

चौथा डाव, ती शांतता मी समजू शकतो, आणि तुम्ही तिच्यासाठी महिनोन्महिने संयम ठेवलात हे सोपं नाही. पण तुम्ही दिलेल्या तिन्ही खेळांत एक गोष्ट समान आहे, ती पाहा. तिथे बसणारा प्रत्येक जण पाठीत सुरा बसणार हे मान्य करूनच बसतो. माफियाची फेरी अर्ध्या-पाऊण तासात आटोपते आणि पुढच्या फेरीत कालचा खुनी आजचा गावकरी होतो. पॅरानोइयात तर मेलेल्या पात्राच्या जागी त्याचाच पुढचा क्लोन येतो. मोहिमेचं तसं नाही. तिथे लोक एकत्र लढणारी पार्टी म्हणून येतात, आपल्या पात्रांवर वर्षभर माया करतात. त्यांनी ज्या खेळाला होकार दिला तो एक, आणि चालला दुसराच.

यावर उपाय अवघड नाही. पहिल्या बैठकीत डीएमने एवढंच म्हणायचं: "या मोहिमेत आपल्यातलं एखादं पात्र उलटू शकतं. चालेल ना सगळ्यांना?" कोण, कधी, का, काहीही सांगायचं नाही. होकार आला की गुपित शाबूत आणि होकारही खरा. उलट प्रत्येक जण दुसऱ्याकडे जरा निरखून पाहायला लागतो, म्हणजे तुमची ती शांतता येण्याआधीचे सगळे महिनेही रंगतात. आणि कुणी नको म्हणालं, तर ते मोहिमेच्या शेवटी कळण्यापेक्षा आधी कळलेलं केव्हाही चांगलं.

---

चौथा_डाव

हे मान्य. आमच्याकडे एक जण नंतर बरेच दिवस आला नव्हता. त्याला आधी विचारलं असतं तर तो कदाचित हो म्हणाला असता. पुढच्या मोहिमेत असंच करेन.

---

नवखा_डीएम_बाणेर

इनसाइटचं काय करता सर? एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) बोलला की चौघंही "इनसाइट!" म्हणून फासे टाकतात. तीन पडले की खेळाडूला कळतं आपला फासा पडेल आहे, आणि मी "खरं बोलतोय असं वाटतं" म्हटलं की तो बरोबर उलटा अर्थ काढतो.

---

वीसबाजू

फार चांगला मुद्दा. एक मार्ग म्हणजे पॅसिव्ह इनसाइट वापरणं, म्हणजे १० अधिक त्या कौशल्याचा बोनस. आकडे तुमच्याकडे लिहून ठेवा आणि कुणी न मागता गुपचूप ताडून पाहा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो. उत्तर म्हणून निकाल देऊ नका, निरीक्षण द्या. "खोटं बोलतोय" असं न म्हणता "भावाचं नाव निघालं तेव्हा तो थांबला" एवढंच सांगा. फासा चांगला पडला तर नेमकं निरीक्षण, वाईट पडला तर मोघम: "घाम आलाय, पण उकडतंयच." दोन्ही खरीच. अर्थ खेळाडू लावतील, आणि चुकला तर ती त्यांची चूक असेल, डीएमने तोंडावर मारलेली थाप नसेल. डीएमने खेळाडूंना खोटी माहिती देऊ नये, हे मी कटाक्षाने पाळतो. एनपीसी हवं ते बोलोत, पण "तुम्हाला काय दिसतं" याचं उत्तर खरं असलंच पाहिजे. त्यावरचा विश्वास उडाला की खेळाडू दार उघडायलाही घाबरतात.

'झोन ऑफ ट्रुथ' या खरं बोलायला लावणाऱ्या मंत्रामुळे रहस्य मरतं असंही बरेच जण म्हणतात. तो मंत्र नीट वाचा. आत असणाऱ्याला मंत्र जाणवतो, तो गप्प राहू शकतो, सत्याच्या हद्दीत राहून बगल देऊ शकतो. कचेरीत चौकशीला बसलेला मुरलेला कारकून डोळ्यांसमोर आणा. एकही वाक्य खोटं नाही आणि हाती काही लागत नाही.

---

पर्वतीपायथा

आम्ही १७७४ मधल्या बारभाईंवर एका दिवसाचा लार्प लिहितोय. नारायणरावांचा खून होऊन गेलाय, गंगाबाई पुरंदरावर आहेत, राघोबादादा बाहेर आहेत. नाना फडणवीस, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके वगैरे भूमिका. अडचण अशी की मराठी खेळाडूंना शेवट पाठ आहे. सवाई माधवरावांचा जन्म होणार, हे सगळ्यांना माहीत. मग फसवाफसवीला अर्थ काय उरतो?

---

विंगेतून

अहो, यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही! शेवट माहीत आहे हेच तुमचं भांडवल. मुलगा होणार की मुलगी, हे पात्रांना माहीत नाही. एप्रिल उजाडेपर्यंत प्रत्येकाला दोन्ही शक्यता धरून वागायचंय. मी तर सखारामबापूंच्या भूमिकेभोवती सगळं बांधीन. साडेतीन शहाण्यांमधला एक पूर्ण शहाणा, दोन्ही पक्षांशी सूत राखून असल्याची ख्याती. त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला संशय आहे आणि तरी प्रत्येकाला तो हवा आहे. मूळ धाग्यातली तीन प्रश्नांची चौकट इथे चपखल बसते. प्रत्येक भूमिकेच्या कागदावर "तुमचं गुपित" लिहिण्याऐवजी लिहा: तुम्हाला काय हवंय, कशाची धास्ती आहे, आणि तुम्ही कोणाबद्दल काय खरं धरून बसला आहात. हा तिसरा रकाना मुद्दाम चुकीच्या समजुतींनी भरा. मग थापा मारणाऱ्याला जमीन तयार मिळते आणि फसणाऱ्याला फसायचं कारण.

एक विनंती. दुसऱ्याच्या कागदावरचा तिसरा रकाना खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांना वाचायला द्या. काय होतं ते पाहा.

---

पर्वतीपायथा

हे करून बघतो. जागेचं सुचवा. शनिवारवाड्याच्या पटांगणात किंवा वेताळ टेकडीवर खेळावं असं काही जणांच्या मनात आहे.

---

विंगेतून

कृपा करून नको. सार्वजनिक जागी ज्यांनी खेळाला होकार दिलेला नाही अशी माणसं असतात. टेकडीवर सकाळी फिरायला आलेल्या आजोबांना दोन माणसं खुनाच्या गोष्टी करताना ऐकू आली तर त्यांच्यासाठी तो खेळ नाही. शस्त्र, मग ते फोमचं का असेना, वाड्याजवळ काढलंत तर पोलिसांना खुलासे देत बसाल. मुळशीकडे एखादं शेतघर भाड्याने घ्या, मालकाला आणि राखणदाराला काय चाललंय ते नीट समजावून सांगा.

आणि लार्पमध्ये तीन बाबतींत खोटं कधीच चालत नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांकडून वदवून घ्या. खेळ थांबवायचा शब्द किंवा खूण कोणी डाव म्हणून वापरायची नाही. दुखापत, दमा, चक्कर यांचं सोंग करायचं नाही, कारण खरंच कुणी पडलं तर मदतीला धावताना कुणाच्या मनात शंका येता कामा नये. आणि खऱ्या आयुष्यातली माहिती, म्हणजे कुणाचं लग्न मोडलंय, कुणाची नोकरी गेलीय, ती पात्राला टोचायला वापरायची नाही. खेळाबाहेरचं बोलायचं असेल तेव्हा डोक्यावर हात ठेवायचा, आणि हात डोक्यावर असताना बोललेला प्रत्येक शब्द खरा. टेबलावर एक्स-कार्ड ठेवतात त्याचाही अर्थ तोच: कार्डाला हात लागला की कारण न विचारता तो भाग सोडून द्यायचा. पात्रांना मनसोक्त खोटं बोलता यावं म्हणून खेळाडूंनी एवढं खरं राहावं लागतं.

---

अबोली_रंग

वीसबाजू, काल तुमचे दोन प्रश्न वापरले. तिने आवाज न बदलता, खाली बघत, एका वाक्यात सांगितलं की जकातनाक्यावरचा माणूस वरिष्ठांपुढे मान खाली घालून कंटाळलाय, त्याला एकदा स्वतः निर्णय घेऊ दिला तर तो गाड्या सोडेल. हे माझ्या टिपणात नव्हतं. मी तिथल्या तिथे ते खरं ठरवलं आणि ॲडव्हांटेज दिला. बाकीचे तिच्याकडे पाहतच राहिले. आता एक विचारायचं होतं: खेळाडूने शोधलेली नस डीएमच्या टिपणात नसेल, तर दर वेळी मान्य करावी का?

---

वीसबाजू

वा! दर वेळी नाही. त्या माणसाबद्दल टेबलावर आधी जे दिसलंय त्याला धरून असेल तर हो. नाकेदार आधीच्या प्रसंगात वरिष्ठाची बोलणी खाताना दिसला होता का? मग तिने ते हेरलं, तिचा हक्क झाला. काहीच दिसलं नसेल तर आधी तिला इनसाइट किंवा चौकशी करू द्या, अंदाज खरा की खोटा ते तेव्हा ठरवा, आणि मगच पटवण्याचा फासा. एकदा ठरलं की टिपणात लिहून ठेवा. पुढच्या वेळी पार्टी त्या नाक्यावरून जाईल तेव्हा त्याने परस्पर घेतलेल्या निर्णयाची वरिष्ठाने काय किंमत वसूल केली, तेही ठरलेलं असू द्या.